देवाची मूठ

करवंटी डब्याच्या तळाला खर्रकन घासली आणि सासूबाईंनी मान वर केली. मुंबईत गिरणीचा संप. ह्यांची मनीऑर्डर दोन महिने नव्हती. दोन मुठी तांबडे तांदूळ उरले. रांधण्याआधी एक मूठ देवळासाठी घरात ठेवलेल्या गाडग्यात टाकायची, ही आम्हा ख्रिस्ती बायकांची रीत. "पोरीच्या तोंडचा घास काढून देवाचं पोट भरतेस?" त्या म्हणाल्या. येशूचं नाव घेऊन मी मूठ सोडली. उद्याची धास्ती तिथंच सरली, माझं मलाच नवल वाटलं. दुपारी देवळातल्या पाळकबाई घरोघरची गाडगी टोपलीत रिकामी करून गेल्या. तिन्हीसांजेला तीच टोपली घेऊन दारात उभ्या. "जमलेली मूठ अडलेल्या घराला जाते; या आठवड्याची तुमच्या घरी, बाई!" मी तर कुणाकडे शब्दही काढला नव्हता. पांढऱ्या तांदळांत तांबडे दाणे होते. लेकीनं एक उचलला. "आये, हे आपलेच! मग देव काय जेवला?"