मुखपृष्ठावरचं नाव

तालुकदारसाहेबांनी पुस्तिका टेबलावरून पुढे सरकवली. निळं मुखपृष्ठ, सुबक छपाई. ‘बंदरातील क्रेन : देखभाल आणि दुरुस्ती’. त्याखाली, ‘लेखक : एस. तालुकदार’.

श्यामकांत पेंडसेने पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. आपलं नाव आत कुठे तरी असेल, प्रस्तावनेत, निदान आभारात तरी. कुठेच नव्हतं.

“साहेब, हे मी लिहिलंय.”

“नोकरीत असताना लिहिलंत ना, पेंडसेबाबू? कंपनीच्या वेळात, कंपनीच्या कागदावर. मग ते कंपनीचं.”

“कंपनीचं असू दे की! मग कंपनीचं नाव घाला. तुमचं कसं?”

तालुकदारांनी उत्तराऐवजी फोन उचलला. भेट संपली होती.

श्यामकांतचं डोकं भणभणत होतं. वर्षभर कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत तेलकट शिड्या चढला तो. क्रेनचालकांना, फिटरना खोदून खोदून विचारलं त्याने. आकृत्या काढल्या त्याही त्यानेच. तेव्हा हे साहेब पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. आणि आता आयत्या बिळावर नागोबा!

आख्ख्या पुस्तिकेत तालुकदारांचा म्हणावा असा एकच परिच्छेद होता, तारेच्या दोराला ग्रीस लावण्याचा. श्यामकांतने लिहिलं होतं : क्रेन थांबवा, हात पोचेल तेवढ्या दोराला ग्रीस लावा, दोर पुढे घ्या, पुन्हा थांबवा. तालुकदारांनी त्यावर काट मारून लिहिलं : क्रेन अगदी हळू चालू ठेवा, दोर आपोआप पुढे येत राहील. दिवसभराचं काम तासाभरात. मजकूर कच्चा असतानाच गोदीतल्या अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि नेमक्या त्याच परिच्छेदावर बेहद्द खूश झाले. वर तो श्यामकांतचाच समजून त्यालाच म्हणाले, “क्या दिमाग है!” तो कसनुसा हसला होता. हे आपल्याला का सुचलं नाही, ही जळजळ मात्र गेली नव्हती.

भवानीपूरच्या घरी कालिंदीने पुस्तिका हातात घेतली आणि तिचा चेहराच उतरला.

“अहो, महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगून बसलेय मी. श्यामलाताई तर रोज विचारतात, कधी येतंय पुस्तक म्हणून.”

“मग सांग त्यांना, नवरा नुसता हमाल आहे म्हणून.”

“असं काय बोलता? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मुंबईला हेड ऑफिसला लिहा सरळ.”

त्याने लिहिलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुस्तिका माझी आहे, असं ठणकावून लिहिलं. कालिंदीने मजकूर वाचला आणि थबकली.

“तो ग्रीसचा परिच्छेद साहेबांचा, असं म्हणाला होतात ना तुम्ही?”

“त्याने वर्षभराची मेहनत ढापली. एका परिच्छेदाचं काय घेऊन बसलीस?”

“तरी तेवढं वगळा. आपलं आहे तेवढंच मागावं माणसानं.”

त्याने वगळलं नाही. पत्र गेलं, आणि मुंबईहून काही म्हणता काही आलं नाही. पुस्तिका गोदीत वाटली गेली. फिटर लोक ‘तालुकदारसाहेबांची किताब’ म्हणून तिचे दाखले देऊ लागले, तेही श्यामकांतसमोर! तो डबा एकटाच खाऊ लागला. कुणाशी बोलेनासा झाला. घरी कालिंदीने विषय काढला की पानावरून उठे.

एका सकाळी तो ऑफिसात शिरला तर व्हरांड्यात लोक घोळक्याने कुजबुजत होते. तो दिसताच गप्प झाले. आपलंच चाललंय, त्याने ओळखलं. पत्र लागू पडलं तर!

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. तालुकदार चक्क उभे राहिले, त्याला खुर्ची दिली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हेड ऑफिसने चांगलीच हजेरी घेतलेली दिसत होती. श्यामकांतला फार बरं वाटलं. समोर बुशशर्टातले एक किरकोळ गृहस्थ मांडीवर पुस्तिका उघडून बसले होते.

“हे सेनबाबू,” तालुकदार म्हणाले. “पुस्तिका कोणी लिहिली, याची चौकशी करायला आलेत. मी सांगितलंय त्यांना, पुस्तिका पेंडसेबाबूंची. मी वरिष्ठ म्हणून नाव घातलं, इतकंच. चुकलंच माझं.”

एवढं ऐकायला किती तडफडला होता तो!

“तुम्ही लिहिलीत?” सेनबाबूंनी विचारलं.

“शब्दन्‌शब्द.”

“कुणी मजकूर बदलला? भर घातली?”

श्यामकांतने तालुकदारांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. सेनबाबूंनी पानावर बोट ठेवलं.

“हे ग्रीस लावण्याचं?”

क्षणभर तो अडखळला. मग वर्षभराच्या शिड्या आठवल्या, मुखपृष्ठ आठवलं, आणि त्याच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. कळू दे की साहेबालाही एकदा, आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं की कसं वाटतं ते.

“तेही माझंच. गोदीत उभा असताना सुचलं मला.”

“क्रेन चालू ठेवायची, हेसुद्धा?”

“तीच तर त्यातली खुबी आहे, साहेब!”

सेनबाबूंनी सगळं सावकाश लिहून घेतलं आणि कागद त्याच्यापुढे केला. “वाचा, आणि पूर्ण नावानिशी सही करा.”

श्यामकांतने पेन उघडलं. वळणदार अक्षरात लिहिलं : श्यामकांत विनायक पेंडसे. ऊर भरून आला त्याचा.

“आता नव्या आवृत्तीवर माझं नाव येईल ना?”

“आवृत्तीचं मला ठाऊक नाही,” सेनबाबूंनी कागदाची घडी खिशात घातली. “मी गोदीतल्या सुरक्षेचा इन्स्पेक्टर. काल संध्याकाळी चालू क्रेनच्या दोराला ग्रीस लावताना एक माणूस कप्पीत ओढला गेला. पहाटे वारला तो.”