चुंबक्याचं शेवटचं पान

"चोराले माह्या घरी चहा नाही भेटत," देवाजी म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"बाबा, मी बोलावलो त्याइले. दस मिनट बसतीन, जातीन," मोहित म्हणाला.

"अन् कावून बोलावला? तुह्या त्या कार्टूनसाठी?"

मोहित स्टील प्लांटमध्ये फिटर होता. जनरल शिफ्ट संपली की सेक्टर ६ मधल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत बसून कॉमिक काढायचा. त्यातले चार खलनायक शहराचं वाटोळं करून थकतात, तुरुंग भोगून येतात आणि ठरवतात, आता लोकांना वाचवायचं. गंजासुराचा हात लागला की लोखंड गंजतं. भोंग्याने तोंड उघडलं की काचा फुटतात. काजळी धूर होऊन कुठेही शिरते. चुंबक्या नुसता उभा राहिला तरी लोकांच्या गळ्यातल्या साखळ्या त्याच्याकडे ओढ घेतात. चौघं मदतीला धावतात आणि लोक त्यांच्या तोंडावर दारं लावतात. चुंबक्या तलावात बुडालेली बस ओढून काढतो, तर आतली माणसं आधी आपापले दागिने चाचपतात.

रायपूरचा एक प्रकाशक ते छापायला तयार होता. फक्त शेवटचं पान अडलं होतं.

देवाजींच्या मते त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. "आखरीले तो चुंबक्या साऱ्याइचं सोनं घेऊन पयते. काढून टाक तसंच. चोर कधी सुधरते काय? नाटक करते."

हे ते रोज जेवताना सांगायचे. महिनाभर ऐकून मोहितलाही ते थोडं पटायला लागलं होतं. चोरून पळणारा चुंबक्या त्याने पेन्सिलीने काढूनही ठेवला होता. शाई फिरवण्याआधी मात्र एका खऱ्या चोराला विचारावं, असं त्याच्या मनात आलं.

कॅम्प-१ च्या बाजारात बळीरामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते फार पूर्वी जेलमध्ये जाऊन आले होते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. चाळीस वर्षांनंतरही लोक त्याला चोराचं दुकान म्हणत आणि वाकड्या चाकाचा आऊट काढून घ्यायला तिथेच जात.

पाचच्या सुमारास बळीराम आले. किडकिडीत, धुतलेला शर्ट, दोन्ही हातांच्या नखांत काळं ग्रीस. मोहितच्या आईने, सिंधुताईंनी, खुर्ची पुढे केली. देवाजींनी एकदा पेपरवरून पाहिलं आणि पेपर पुन्हा वर धरला.

"चप्पल बाहेरच काढ. अन् कायले हात लावू नको."

"हो साहेब."

"किती दिवस होता आत?"

"आठ महिने."

"काय झालं होतं, काका?" मोहितने विचारलं.

"ऐंशी सालची गोष्ट आहे. ठेकेदाराच्या गोदामातला माल गेला होता. मले धरलं."

"माल गेला म्हणते!" देवाजी हसले. "तारेले पाय फुटले होते काय?"

देवाजींचा आवाज चढला.

"मी बी त्याच साली तिरोड्याहून आलो. अंगावरच्या कपड्यावर. अडतीस वर्षं नोकरी केली, कोणाचा एक बोल्ट घरी नाही आणला. इमानदार माणूस असा असते. पाहून घे नीट."

बळीराम खरोखरच पाहत राहिले. "दिसून राहिलं साहेब," ते म्हणाले.

सिंधुताई चहा घेऊन आल्या. देवाजींनी ट्रेमधला कप परत ठेवायला लावला. "त्याले डिस्पोजलमध्ये दे. मंग फेकता येते."

सिंधुताईंनी मान खाली घालून चहा कागदी ग्लासात ओतला. बळीरामांनी तो फुंकून फुंकून सगळा प्याला.

"काका," मोहित म्हणाला, "लोग चोर ही बोल रहे, तो मग खरंच चोरी करावी, असं नाही वाटलं कधी?"

"वाटलं ना. पहिल्या वर्षी लय वाटलं. बायको माहेरी गेली, ते परत आलीच नाही. कोणी कामावर ठेवे ना." त्यांनी रिकामा ग्लास हातात फिरवला. "बेटा, तुह्या त्या चुंबक्याले चोरी नको करू देऊ."

"कावून?"

"सुधरलेला माणूस असते. मी ओळखतो एकाले."

"घ्या! सोताचीच तारीफ!" देवाजींनी पेपर आपटला. "झालं तुहं? निंघ आता."

बापाला काहीतरी सुनवावं असं मोहितला वाटलं. "काका, मी सोडून देतो," एवढंच म्हणून तो स्कूटरची चावी आणायला आत गेला.

"मी जातो फाटकापर्यंत," देवाजी सिंधुताईंना ऐकू जाईल असं म्हणाले. "नाहीतर जाता जाता कुंडी उचलन."

मोहित चावी घेऊन दारात आला आणि पडद्याआडच थांबला. फाटकाशी दोघे म्हातारे समोरासमोर उभे होते. देवाजींनी फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला होता. बोलत होते ते बळीराम, अगदी सावकाश.

"भेऊ नको, देवाजी. पोराले मी काही सांगत नाही. गोदामाचा चौकीदार मी होतो, तार तू नेली होती. तुही नोकरीची चिठ्ठी आली होती, म्हून तवा मी तोंड उघडलं नाही. तू सुधरला का नाही, तेवढंच पाहाले आलो होतो."