नानासाहेबांचा कुरुवा

“जोरात बोल शिवराज, ऐकू येत नाय!” नानासाहेब खेकसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

फोन त्यांच्या हातात नव्हता. तो धरायची ताकदच उरली नव्हती. स्पीकर लावून तो त्यांच्या तोंडाशी धरला होता मास्क बांधलेल्या एका बाईने.

नेपाळातल्या डोंगरावरचे हे हॉस्पिटल लहानसेच होते. इथली पद्धत अशी, की औषधपाणी डॉक्टरांनी बघायचे आणि भरवणे, पुसणे, उठवून बसवणे हे पेशंटच्या घरच्या माणसाने करायचे. त्या माणसाला इथे कुरुवा म्हणतात. ज्याचे कोणी नाही, त्याला हॉस्पिटल आपला स्वयंसेवक देते. मुक्तिनाथच्या वाटेवर नानासाहेबांना न्यूमोनिया झाला, तेव्हा बरोबरची यात्रेकरू मंडळी त्यांना इथे टाकून देवदर्शनाला निघून गेली. पुण्य पदरात पाडायची घाई सगळ्यांनाच असते.

नानासाहेबांचे म्हणाल तर त्यांना देवाची ओढ नव्हतीच. गंगापूरच्या शिवारात त्यांनी राम नावाच्या मेंढपाळाच्या अंगावर जीप घातली होती. कोर्टाने अटकपूर्व जामीन नाकारला, तसे ते यात्रेच्या गाडीत चढले. नेपाळला पासपोर्ट लागत नाही. त्यामुळे हा परदेश आहे असे त्यांना कधी वाटलेच नाही.

“पोरीचा पत्ता लागला का?” त्यांनी विचारले.

शिवराज त्यांचा मुलगा. गुलमंडीत त्याचे कापडाचे दुकान होते. “नाय ना, आबा. तिची आई बानाबाई तोंड उघडंना. शेजारी म्हणत्यात, सुकेशनी कुठल्या संस्थेकडून परदेशात गेली.”

“मेंढरामागची पोर, आन परदेशात?” नानासाहेब खोकत खोकत हसले. “दुबईला गेली असंल भांडी घासाया. हुडीक तिला. रामला मरताना तिनंच तेवढं बघितलंय. तारखेच्या आत तिचं तोंड बंद झालं पायजे. कसं ते तू बघ.”

“दिसायला कशी हाय ती?”

“मला काय ठाव? त्यांच्या पोरींची तोंडं बघत बसू का मी?”

बाईने फोन बंद केला, त्यांचे तोंड पुसले आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. पहाटेपासून तिची तीच धावपळ चालायची. पाणी उकळायचे, गोधड्या उन्हात टाकायच्या, कुणा म्हातारीला पाठीवर घेऊन संडासात न्यायचे. इथे राबायला कुठून कुठून लोक येत. एक जर्मन पोरगा होता, एक कोरियाची नर्स होती. नानासाहेबांच्या वाट्याला मात्र ही सावळी, अबोल बाई आली. इथलीच असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकले. इतरांशी ती नेपाळीतले चार-दोन शब्द बोलायची. त्यांच्या मोडक्या हिंदीला नुसती मान हलवायची. तिचे नाव विचारावे असे काही त्यांना वाटले नाही.

तरी बाई गुणाची होती. आदल्याच दिवशी त्यांनी शिवराजपाशी कुरकूर केली होती, की पांघरूण पातळ आहे, रोजचा भात घशाखाली उतरत नाही. संध्याकाळी दुसरी रजई आली. सकाळी ताटात नाचणीची जाड भाकरी होती. नानासाहेबांनी मुक्तिनाथाला हात जोडले. देव आपल्या बाजूने आहे, याची त्यांना खात्रीच पटली.

पुढच्या फोनवर शिवराज घाबरलेला वाटला. “आबा, पोलीस जीप शोधायलेत. तुमी ती ठिवली कुठं?”

“बजाजनगरच्या मागं, पुंडलिकच्या शेडात. ताडपत्रीखाली.” पुंडलिक म्हणजे त्यांचा मेव्हणा. “आता उशीर नको. कापून भंगारात घाल. बंपरला रगत हाय अजून.”

“आबा, जरा चुकलंच आपलं...”

“काय चुकलं?” नानासाहेबांच्या मानेच्या शिरा ताठल्या. पश्चात्ताप त्यांच्यात औषधालाही नव्हता, नुसता राग खदखदत होता. “मेंढरं उसात घालतो आन वर माझ्याम्होरं बोलतो! एकदा घातली गाडी, तरी हालतच व्हता. मागं घिऊन परत घातली. आन त्या पोरीला बी सोडायचा नाय मी.”

फोन हलू लागला. बाईला थंडी वाजत असावी.

“ठीक से पकडो,” ते तिच्यावर डाफरले. तिने दुसऱ्या हाताचा आधार देऊन फोन नीट धरला.

त्यानंतर तिने त्यांची सेवा दुपटीने केली. छाती शेकली, पाठ चोळली, औषधाची एक वेळ चुकू दिली नाही. ताप उतरला. इतक्या दुखण्यातून हा माणूस उठतो म्हणजे पोटच्या मुलीसारखे केलेय हिने, असे डॉक्टर म्हणाले. नानासाहेबांनाही ते पटले. जाताना तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवायचे त्यांनी मनाशी ठरवले.

दुपारी ती पेज भरवत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिने वाटी मांडीवर ठेवली आणि स्पीकर लावला.

“आबा, घात झाला!” शिवराज रडत होता. “गॅसकटर मिळंस्तोवर दोन-तीन दिस गेले, मी पोचायच्या आत पोलीस शेडात! जीप घिऊन गेले, पुंडलिकमामाला बी नेलं. कुणी सांगितलं त्यांना? तुमी, मी आन मामा सोडलं तर कुणाला ठाव व्हतं?”

“मी कुणापाशी बोललो नाय!” नानासाहेब ओरडले. “हितं माझी भाषा समजणारं काळं कुत्रं बी नाय!”

बाईने फोन बंद करून उशाशी ठेवला. मग तिने मास्क खाली ओढला, चमचा भरला आणि त्यांच्या ओठांशी नेला.

“आ करा, नानासाहेब,” ती म्हणाली. “रामची बहीण हाय मी, सुकेशनी. कोर्टात उभं राहायला ताकद पायजे ना तुमाला?”