उद्घाटनाची शर्यत

मैदानासाठी सगळ्यात मोठी देणगी देणाऱ्या महादेवरावांची एक अट आहे, असं मुख्याध्यापक फादर मथायस म्हणाले. उद्घाटनाच्या शर्यतीत जयवंता धावणार नाही.

हरिदास सरांना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. ते फादरांच्या कॅथलिक मिशनच्या हायस्कूलचे क्रीडाशिक्षक, आणि जयवंता त्यांची सगळ्यात वेगवान विद्यार्थिनी. शाळेमागचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. पडलं की गुडघे सोलून निघायचे. त्या मैदानावर चांगली धावपट्टी व्हावी म्हणून सर नालवाडीत आणि बोरगाव मेघ्यात दारोदार फिरले होते. जाम गावच्या नाक्यावर ट्रकवाल्यांपुढे त्यांनी डबा धरला होता, कबड्डीचे सामने लावून तिकिटं विकली होती. जिथं गेले तिथं त्यांनी जयवंताचंच नाव सांगितलं. अनवाणी धावून जिल्ह्यात पहिली आलेली पोर.

"अशी अट का?" त्यांनी विचारलं.

फादर खिडकीबाहेर बघत राहिले. "ते विचारू नका. मी शब्द दिला आहे."

खरं तर विचारायची गरजच नव्हती. जयवंता हरिदास सरांच्याच वस्तीतली. छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा महादेवरावांच्या वडिलांनी सगळ्यांची मजुरी बंद केली होती. सरांचे वडील तेव्हा कामासाठी गावोगाव हिंडले. आता ब्याऐंशी साल उजाडलं होतं, तरी आपल्या पैशाच्या मैदानावर या वस्तीतली पोर पहिली आलेली त्या घराला बघवत नव्हती.

सर तडक महादेवरावांकडे गेले. म्हातारा ओसरीवर बसून संत्री निवडत होता. सरांनी उभ्याउभ्याच विचारलं, अट तुमची आहे का.

"हो, माहीच हाये."

"कारण?"

"माही मर्जी." महादेवरावांनी मान वर केली नाही.

सरांनी त्यांना सुनावलं की तुमच्या बापानं पोटावर मारलं, तुम्ही पोरीच्या पायांवर मारताय. तुमची देणगी परत घ्या. महादेवराव सगळं ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मले काय म्हणाचं थे म्हणा, मास्तर. मैदान होऊ द्या."

त्या शांतपणानं सरांचं डोकं आणखी तापलं. ते जयवंताच्या घरी गेले. तिची आई तानाबाई दारात तांदूळ पाखडत होती. आपण कलेक्टरांकडे जाऊ, पेपरात देऊ, मी तुमच्या पाठीशी आहे, असं सर सांगत राहिले. तानाबाईचा हात थांबला.

"राहू द्या ना सर. नाई धावली त काय अडून राह्यलं?"

सरांना तिचाही संताप आला. तुमच्या मनातली भीती जायला अजून किती वर्षं हवीत, असं ते बोलून गेले. तानाबाईनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात जयवंता पाणी घेऊन आली आणि तानाबाई पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

"सर, मी काय केलं?" जयवंतानं विचारलं.

पाण्याचा पेला तसाच ठेवून सर उठले. आपण काय करायचं, हे त्यांनी वाटेतच ठरवलं.

उद्घाटनाच्या सकाळी मैदानाभोवती पताका लागल्या. बँड वाजत होता. नव्या पट्टीवर चुन्याच्या रेघा ओढलेल्या होत्या. मांडवात फादरांच्या शेजारी महादेवराव हार घालून बसले होते. मुली रेषेवर उभ्या राहिल्या. मधली एक जागा सरांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती.

ते प्रेक्षकांत गेले, जयवंताचा हात धरून तिला घेऊन आले आणि त्यांनी तिला त्या जागेवर उभं केलं. फादर खुर्चीतून उठले. बायकांच्या घोळक्यातून तानाबाई काहीतरी ओरडली, पण बँडपुढे ते कुणाला ऐकू गेलं नाही. कुणी अडवायच्या आत सरांनी शिटी फुंकली.

शर्यत दोन फेऱ्यांची होती. पहिली फेरी संपायच्या आतच जयवंतानं सगळ्यांना मागं टाकलं. पोरं टाळ्या पिटू लागली. सरांचे डोळे भरून आले. आज वडील असायला हवे होते, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात महादेवराव धोतर सावरत मैदानात धावत आले. त्यांची टोपी पडली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सर त्यांच्यासमोर छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, आता ही शर्यत कुणाच्या बापाच्यानंही थांबणार नाही.

महादेवरावांनी त्यांचे दोन्ही दंड धरले.

"थांबवा तिले, मास्तर. अट माही नाई, तिच्या मायची हाये; मैदानाले पैसा माहा म्हणून थे माह्याकडंच आली. पोरीच्या काळजाले भोक हाये. धावू देऊ नका म्हणून आत्ताच डॉक्टरनं बजावलं. पोरीचं लग्न अडंल म्हणून तिच्या मायनं कोणालेच सांगू देलं नाई, पोरीलेबी नाई. म्हणून म्या माह्यावर घेतलं."

सरांनी वळून पाहिलं. जयवंता शेवटच्या वळणावर होती. सर आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिनं वेग आणखी वाढवला.