बारा तेवढे बरोबर

सरांचा एक गाल करून झाला, दुसऱ्या गालावर फेस चढला, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. लहान पोरांचे केस कापायला टाकतात तशी खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकलेली होती आणि फळीवर एक मुलगी वही घेऊन बसली होती.

“ही तुमची मुलगी होय,” सर आरशातूनच म्हणाले. “बरं झालं भेटलात.”

दुकान बापाचं, दाढी सरांची, आणि भेटला म्हणे बाप. पोरीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण एरवी ती खुर्चीसकट गरगर फिरत असायची. परवापासून मात्र खुर्ची जागची हलली नव्हती.

परवा घड्याळाचा पेपर हातात पडला होता. आकडे नसलेली, नुसत्या रेघांची घड्याळं छापलेली आणि प्रत्येकाखाली किती वाजले ते लिहायचं. बारा वाजलेलं एक घड्याळ तेवढं बरोबर, बाकी सगळ्यांवर लाल फुल्या. सरांनी आता ते सविस्तर ऐकवलं. कच्च्यातल्या कच्च्या मुलाचंही इतकं चुकत नाही. बारा जमले ते शेजारणीच्या पेपरात डोकावून, दुसरं काय. म्हणून तिला सगळ्यांदेखत उठवून दाराजवळ एकटी बसवली आहे. कबूल कर म्हटलं तर तोंड उघडत नाही. घरी कोणी अभ्यास घेत नसलं की मुलं असल्या वाटेला लागायचीच.

घरी कोणी अभ्यास घेत नाही. बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळ त्यानं स्वतः शिकवलं होतं, याच दुकानात, कात्री चालवता चालवता. शाळा सुटली की पोरगी इथंच येते आणि तिची आई कामावरून परतेपर्यंत याच खुर्चीत असते. सव्वा म्हणजे काय, पाऊण म्हणजे काय, हे मान खाली घातलेल्या किती गिऱ्हाइकांनी तिच्याबरोबर ऐकलं होतं. आणि परवा त्या लाल फुल्या बघून त्याचंच डोकं फिरलं. उत्तरं काय लिहिलीत हे न बघताच त्यानं विचारलं, खरं सांग, बघून लिहिलंस ना? ती रडली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. ते त्याला अजून सलत होतं.

“आटपा जरा,” आरशात नजर टाकून सर म्हणाले. “पावणेसात झाले की. सातला माझी शिकवणी असते.”

भिंगरीनं वहीतून डोकं वर काढलं. आरशातच बघत ती हळूच म्हणाली, “सव्वापाच.”

सर असे हसले की गालावरचा फेस हलला. “बघा. हे असं. तुमच्यादेखत.”

वस्तरा हवेतच राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. बापानं आरशात बघितलं, सव्वापाच. मग किती वर्षांनी कोण जाणे, मान वळवून त्यानं मागच्या भिंतीवरच्या, नुसत्या रेघांच्या घड्याळाकडे सरळ बघितलं. तिथंही सव्वापाचच, पण काटे दुसऱ्या अंगाला. आरशाकडे तोंड करून त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आरशातलं उलटं घड्याळ सुलटं वाचायची डोळ्यांना इतकी सवय झालेली, की ते उलटं आहे हेच तो विसरला होता. आणि लेकीला त्यानं तेच दाखवून शिकवलं होतं.

“सर, मागं बघा. भिंतीवर.”

सरांनी बघितलं. मग आरशात बघितलं. मग परत मागं.

“चूक माझी आहे,” बाप म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण वस्तरा त्यानं खाली घेतला. “मी तिला आरशातलं घड्याळ शिकवलं. पेपरातली सुलटी घड्याळंही तिनं इमानानं तशीच वाचली. आत्ता तुमचंही तेच झालं, सर. तुम्हाला कोणी दाराजवळ नेऊन बसवलं नाही.”

सर म्हणाले की गैरसमज होतात, एवढं मनावर घ्यायचं नसतं, उद्या बसवू तिला जागेवर. आता दाढी तेवढी उरका.

“आणि बारा?”

“बाराचं काय?”

“बाराला दोन्ही काटे वर असतात, सर. आरशातही वरच. तिनं कुणाचं बघितलं?”

बापानं वस्तरा टॉवेलाला पुसला, मिटला आणि खिशात टाकला.

“उद्या वर्गात सगळ्यांदेखत सांगाल तेव्हा सांगाल. आत्ता तिला सांगा. मग उरलेला गाल.”

भिंगरीनं आरशाखालच्या कट्ट्याला हात रेटून खुर्ची वळवली आणि ती सरांच्या तोंडाकडे सरळ बघत बसली. सरांच्या गालावरचा फेस सुकत चालला होता. सात वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.