वनमाईची सातशे वाक्यं

वाटीवर चमचा दोनदा वाजला आणि दुपारचं शांत घर दचकलं. वेदिका आतून पळत आली. दोनदा वाजलं म्हणजे जेवण, तीनदा म्हणजे दप्तर. पाच वर्षांच्या पोरीला हे आता पाठ झालं होतं. आई आवाज वाचवून राहिली, असं बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं.

धनश्रीने तिला वरणभाताचा घास भरवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज अकरा डिसेंबर. बावीसपर्यंत सातशे वाक्यं संपवायची होती.

वाक्यं ‘राखवन’मधली होती. नागपुरातल्याच दहा-बारा पोरांनी हा व्हिडिओ गेम बनवायला घेतला होता. जळालेल्या जंगलात तलवार घेऊन एकटीच निघालेली लहानगी योद्धी, अंगावर येणारे राखेचे राक्षस, आणि सोबतीला वनमाई, जी दिसत नाही, फक्त बोलते. गेम बाजारात यायला अजून वर्ष होतं.

वनमाईच्या आवाजासाठी निवडीत शेवटी दोघी उरल्या होत्या. मिनलचा आवाज देवळातल्या घंटेसारखा. धनश्रीच्या आवाजात दिवाळीपासून खरखर आली होती, आणि दिग्दर्शक पुष्करला नेमकी तीच आवडली. धुरात राहिलेल्या बाईचा घसा असाच असणार, म्हणाला. ही खरखर घालवू नका.

त्याची एकच अट होती. गेम येईपर्यंत वाक्यं बदलत राहतात, नवी लिहिली जातात, म्हणून वर्षभर बोलावलं की यायचं. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं. धनश्रीने पेन घट्ट धरून एका दमात सही केली.

सही झाल्यावर मात्र तिने घाई सुरू केली. रेकॉर्डिंग मार्चपर्यंत पसरलेलं होतं. तिला सगळं बावीसच्या आत हवं होतं. लढाईतल्या किंकाळ्या सगळ्यांत शेवटी घेतात, त्यानंतर आठवडाभर घसा बसतो, हे पुष्करने समजावून सांगितलं. तिने त्याही बावीसच्या आतच मागितल्या. तो चिडला. एवढं अडत असेल तर मिनलला बोलावतो, म्हणाला. तिने त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. रोज येईन, रविवारी येईन, पोरीला शेजारच्या गोदूबाईंकडे ठेवीन, पण काम दुसरीला देऊ नका. शेवटी तो हो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

रेकॉर्डिंगच्या मशिनीवर मुकुंद बसायचा. त्याला गंमत वाटली.

“मुंबईचं मोठं काम भेटलं काय ताई?” त्याने विचारलं. “आमाले विसरू नका म्हणजे झालं.”

“बाहेर जायचं आहे,” ती म्हणाली. “तेवीसले.”

हे खोटं नव्हतं. मुंबईची तीन तिकिटं कपाटात होती. अंकुरने, तिच्या नवऱ्याने, कोराडीच्या वीज प्लांटमधून महिनाभराची रजाही घेतली होती.

नंदनवन भागातल्या घरून ती रोज ऑटोने स्टुडिओत जायची, वाटेत कोणाशी बोलायची नाही. काचेच्या खोलीत मात्र दार लागलं की वनमाई सुरू व्हायची. मागे बघ. आधी पाणी पी. तलवार उजव्या हातात. पडलीस? उठ, कोणी नाही पाहिलं. एक वाक्य दोनदा घ्यायची पद्धत होती. धनश्री पाचदा म्हणायची. हसून, रागावून, दमून, लाडात, अगदी कानात सांगितल्यासारखं.

“एवढे काहून पाहिजे?” मुकुंदने विचारलं. “कमी पडलं तं बोलावून घेऊ न तुमाले.”

“असू द्या. कमी पडायला नको.”

वीस तारखेला आवाज फुटला. ‘पळ’ एवढंसं म्हणायचं होतं, नुसतीच हवा आली. पुष्करने घड्याळ पाहिलं, चार दिवस विश्रांती घ्या म्हणाला. ती बाथरूममध्ये गेली. बेसिनला धरून किती वेळ उभी होती कोण जाणे. परत आली, कोमट पाणी प्यायली आणि हेडफोन कानाला लावले. ‘पळ’ तिने एकोणीस वेळा म्हटलं. विसाव्यांदा ते चांगलं आलं.

बावीसला दुपारी चारला शेवटची किंकाळी झाली. आता उरली बारा वाक्यं, तीही फालतू. खेळणाऱ्याने हात थांबवला, नुसताच उभा राहिला, तर वनमाईने काहीतरी बोलायचं. पुष्कर म्हणाला, ही जानेवारीत घेऊ, कोण थांबतंय. धनश्री खुर्चीवरून उठलीच नाही. मुकुंदने पुष्करकडे पाहिलं आणि बटण दाबलं. ती बारा वाक्यं तिने डोळे मिटून म्हटली.

घरी आली ती बसक्या घशाने बोलतच. वेदिकाच्या वेण्या सोडताना, पोळ्या लाटताना, कपडे बॅगेत भरताना. चांदोबाची गोष्ट, शाळेची कविता, वेदिका जन्मली त्या दिवसाचं सगळं रामायण. पोरगी ऐकून ऐकून तिच्या मांडीवरच झोपली.

मार्चमध्ये गेमचा पहिला तुकडा खेळून बघायला घरी आला. अंकुरने तो टीव्हीला जोडून दिला. वेदिका दोनदा राक्षसांच्या हातून मेली, तिसऱ्यांदा नदीपर्यंत पोचली आणि दमून थांबली. तेव्हा वनमाई बोलली.

वेदिकाने कंट्रोलर हळूच जमिनीवर ठेवला. अंकुर म्हणाला, खेळ ना बेटा. ती हलेना. थांबलं की बोलते, हे तिला कळलं होतं.

“थकली काय माय?” टीव्हीतून आवाज आला. “बस जराशी. मी कुठं जात नाही.”

वेदिकाने पडद्याकडे पाहिलं, मग गळ्याभोवती ओढणी सारखी करत बसलेल्या धनश्रीकडे.

“आई, तुह्या गळ्यातला आवाज तं डॉक्टरनं काढून टाकला ना,” ती म्हणाली. “मंग हा कुठून आला?”