पाव हिस्सा कमी

"हिला चोरून कोण खायला घालतं?" जनावरांच्या डॉक्टरांनी मांजरीला काट्यावरून उचलत विचारलं.

सासूबाईंनी बोट दाखवलं नाही. नुसतं सुनेकडे पाहिलं. त्यांचं पाहणं बोटापेक्षा लांब पोचायचं.

खरंच होतं ते. ऑपरेशन झाल्यापासून मांजरी सुनेच्या पायांत घोटाळायची, आणि सून आपल्या ताटातले घास तिला सरकवायची. दोघींचं दुखणं एकच. सुनेचीही पिशवी काढली होती, घरात पाळणा हलायच्या आधीच. तेव्हापासून सासूबाई 'माहेरी जाऊन ये' म्हणायच्या बंद झाल्या होत्या. आता म्हणायच्या, 'माहेरी जाऊन राहा.' माहेरी भावजयीचं राज्य. तिथलं ताट इथल्यापेक्षा लहान.

"ऑपरेशननंतर भूक वाढते, पण शरीराची गरज कमी होते," डॉक्टर म्हणाले. "पाव हिस्सा कमी करा. ओरडेल. विरघळू नका."

"हिचंही ऑपरेशन झालंय, डॉक्टर. हिलाही हेच माप का?" सासूबाईंनी सुनेकडे मान वळवत विचारलं.

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. सुनेचा नवरा तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

सासूबाई काही वाया घालवणाऱ्यातल्या नव्हत्या, विनोदसुद्धा. त्याच दुपारी सुनेच्या ताटातला एक डाव परत पातेल्यात गेला. "पथ्य म्हणजे पथ्य, बाई."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं.

"आईची गंमतसुद्धा कळत नाही का तुला?" तो म्हणाला आणि स्वतःचं ताट पुढे केलं. तोच डाव त्याला मिळाला.

मग गंमत रोज होऊ लागली.

एकदा सासूबाईंनी मांजरीच्या खाण्याचा डबा सुनेच्या हातात दिला. "आजपासून हिला तू वाढ. बघू किती जीव तुटतो तुझा."

सुनेने मोजून वाढलं. मांजरीने बशी चाटूनपुसून लख्ख केली, सुनेच्या घोट्याला डोकं घासलं आणि केविलवाणी ओरडली. पुन्हा ओरडली. सुनेच्या पोटात सकाळपासून कावळे कोकलत होते.

तिने मांजरीला पायाने लोटलं.

"ओरड. ना पिल्लं, ना उंदीर, आणि खायला मात्र सगळ्यांच्या आधी!"

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सुनेचं ताट घेतलं आणि डावावर डाव वाढले.

"बस. जेव पोटभर," त्या म्हणाल्या. "आता शोभलीस या घरची."

सून बसली, आणि खाली पायांत घोटाळणाऱ्या मांजरीकडे न बघता जेवली.